लैंगिक गुन्ह्यात स्त्री दोषी ठरली, तर न्यायालय शिक्षा कशी ठरवतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या शिक्षिकेला किंवा पाळणाघर चालवणाऱ्या बाईला लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झाल्याची बातमी आली की लोक दोन तऱ्हेनं बोलतात. "बाई म्हणून स्वस्तात सुटली" हे एक, आणि "बाई असून असं केलं, हिला दुप्पट द्या" हे दुसरं. या दोन्हींचा रोख शिक्षा सुनावली जाते त्या दिवसावर असतो. प्रत्यक्षात बराचसा निकाल त्याच्या कितीतरी आधी, आरोपपत्रात कोणतं कलम लिहिलं गेलं तिथेच लागलेला असतो. म्हणून पुढच्या बऱ्याच उत्तरांत कलमांचे आकडे येतील. कंटाळा आला तरी ते वगळू नका.

स्त्रीवर बलात्काराचा गुन्हा लागू शकतो का?

भारतात थेट नाही. भारतीय दंड संहितेचं कलम ३७५ "पुरुष" असं म्हणूनच सुरू होत होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही तीच रचना आहे. यात बदल करून झाला होता, हे फार थोड्यांना आठवतं. ३ फेब्रुवारी २०१३ च्या वटहुकमात "बलात्कार" हा शब्द काढून "लैंगिक हमला" असा शब्द आला होता आणि गुन्हेगार कोणीही असू शकत होता. त्यावर महिला संघटनांनी आक्षेप घेतला. तक्रार करणाऱ्या बाईवरच उलट गुन्हा दाखल होईल, ही त्यांची भीती होती. बलात्काराच्या कायद्यात सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या वर्मा समितीची शिफारसही अशी होती की पीडित कोणीही असू शकेल, पण गुन्हेगार पुरुषच धरावा. त्याच वर्षी संसदेनं कायदा केला तेव्हा आरोपी पुन्हा पुरुष आणि पीडित पुन्हा स्त्री झाली.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या कायद्यानुसार बलात्काराची व्याख्या पुरुषाच्या अवयवाशी बांधलेली आहे, त्यामुळे स्त्री मुख्य आरोपी होत नाही. साथीदार म्हणून मात्र ती बलात्काराच्याच गुन्ह्यात दोषी ठरू शकते. शिवाय तिथे शेजारची कलमं आहेत. शरीरात अन्य प्रकारे प्रवेश करणं हा वेगळा गुन्हा आहे. संमतीशिवाय एखाद्याला लैंगिक कृती करायला लावणं हाही वेगळा गुन्हा असून त्यात प्रवेशाची कृती असेल तर कमाल शिक्षा जन्मठेप आहे. नाव वेगळं असलं तरी शिक्षेची कमाल मर्यादा तीच, ही सोय भारतीय कायद्यात प्रौढांच्या बाबतीत नाही.

बलात्कारात मदत करणाऱ्या स्त्रीला काय शिक्षा होते?

इथे भारतीय कायद्याचा प्रवास पाहण्यासारखा आहे. २००६ मध्ये मध्य प्रदेशातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. आरोप असा होता की पीडितेनं आरोपीच्या बायकोकडे मदत मागितली, तेव्हा तिनं पीडितेलाच थप्पड मारली, दार लावलं आणि निघून गेली. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, स्त्री बलात्कार करू शकत नाही, म्हणून बलात्काराचा समान उद्देशही तिचा असू शकत नाही. सामूहिक बलात्काराचा आरोप टिकणार नाही. माझ्या मते हा तर्क कायद्याच्या अक्षराला धरून असला तरी अपुरा आहे. दरोड्यात बाहेर पहारा देणारा स्वतः तिजोरी फोडत नाही, तरी दरोडेखोरच ठरतो.

२०१३ च्या दुरुस्तीनंतरच्या सामूहिक बलात्काराच्या कलमात "व्यक्ती" असा शब्द आहे. त्याच्या आधारे अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं की स्त्री स्वतः बलात्कार करू शकत नसली, तरी टोळीतल्या लोकांबरोबर तो घडवून आणण्यात तिचा हात असेल तर तिच्यावर सामूहिक बलात्काराचा खटला चालू शकतो. शिक्षेच्या दृष्टीनं हा फरक मोठा आहे. न्याय संहितेच्या कलम ७० खाली किमान २० वर्षं, कमाल उरलेलं सगळं आयुष्य तुरुंगात. पीडिता १८ वर्षांखालील असेल तर तशीच जन्मठेप किंवा मृत्युदंड. तेच कृत्य बलात्काराला अपप्रेरणा (म्हणजे चिथावणी किंवा मदत) म्हणून कलम ४९ खाली धरलं, तर मूळ गुन्ह्याची शिक्षा लागते, म्हणजे साधारणपणे १० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. एकच बाई, एकच दार, आणि तळाचा आकडा १० की २०, हे आरोपपत्र लिहिणाऱ्याच्या हातात.

पीडित मूल असेल तर?

तर भारतात चित्र पूर्ण पालटतं. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, मुलगा-मुलगी असा भेद करत नाही आणि गुन्हेगाराचं लिंगही पाहत नाही. १८ वर्षांखालील कोणीही मूल, आणि गुन्हा करणारी कोणीही व्यक्ती. कलम ३ मध्ये पुल्लिंगी सर्वनाम आहे, म्हणून शरीरात प्रवेशाचा गुन्हा फक्त पुरुषच करू शकतो, असा युक्तिवाद एका महिला आरोपीतर्फे झाला होता. दिल्ली उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये तो फेटाळला. मुलांना वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याचा अर्थ असा आकसून लावता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

शिक्षा अशा आहेत. प्रवेशाचा लैंगिक हमला असेल तर किमान १० वर्षं, मूल १६ वर्षांखालील असेल तर किमान २० वर्षं. हाच गुन्हा शाळेतल्या, रुग्णालयातल्या किंवा बालगृहातल्या कर्मचाऱ्यानं केला, नातेवाइकानं केला, किंवा मूल १२ वर्षांखालील असलं, तर तो गंभीर स्वरूपाचा ठरतो: किमान २० वर्षं, कमाल मृत्युदंड. लैंगिक हेतूनं केलेल्या स्पर्शासाठी ३ ते ५ वर्षं, आणि तोच गंभीर स्वरूपाचा असेल तर ५ ते ७. अपप्रेरणेला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे. आपल्या मुलीला दुसऱ्याच्या स्वाधीन करणाऱ्या आईवर खटला बहुधा याच वाटेनं चालतो.

माहीत असून गप्प राहिलेल्या बाईचा गुन्हा मात्र वेगळा आहे. तक्रार न करण्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, आणि ती संस्थाप्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत. "तिला सगळं माहीत होतं" आणि "तिनं घडवून आणलं" यांत अशी २० वर्षांची दरी पडते. ती पुराव्यानं भरून काढणं हे सरकारी वकिलाचं खरं काम.

गुन्हा जुना असेल आणि निकाल आज लागला, तर कोणते आकडे लागू होतात?

गुन्हा घडला त्या दिवशीचे. राज्यघटनेचं कलम २०(१) तसं सांगतं. पोक्सोची वाढीव शिक्षा १६ ऑगस्ट २०१९ पासूनची आहे. त्याआधीच्या गुन्ह्यांना किमान ७ वर्षं, आणि गंभीर स्वरूपात १० वर्षं हे जुने आकडे लागतात. बातमीत "फक्त १० वर्षं" वाचून संतापण्याआधी गुन्ह्याची तारीख पाहावी.

कायद्यानंच किमान शिक्षा ठरवली असेल, तर न्यायाधीशाच्या हातात काय उरतं?

तळ ठरलेला, छत ठरलेलं. मधली जागा उरते. पोक्सोत किमान शिक्षेच्या खाली उतरायची मुभा न्यायाधीशाला नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात उच्च न्यायालयानं कमी केलेली शिक्षा पुन्हा १० वर्षं केली आणि कायद्यात किमान लिहिलं असेल तर न्यायालयाला दया दाखवायला जागा नसते, हे स्पष्ट केलं. तो आरोपी पुरुष होता; स्त्रीसाठी नियम वेगळा नाही.

दोषी ठरवल्यावर शिक्षेच्या मुद्द्यावर स्वतंत्र सुनावणी होते. बचाव पक्ष वय, आजार, घरची परिस्थिती, आधीचा गुन्हा नसणं हे मांडतो. सरकारी पक्ष मुलाचं वय, किती काळ हे चाललं, धमकी दिली का, चित्रीकरण केलं का, हे मांडतो. अनेक कलमांखालच्या शिक्षा एकत्र भोगायच्या की एकापाठोपाठ एक, हेही न्यायाधीश ठरवतात. शेवटच्या एका ओळीत असलेला हा निर्णय कित्येकदा बाकी सगळ्यापेक्षा जास्त वर्षं ठरवून जातो. पीडित मुलाला भरपाई देण्याचा आदेशही विशेष न्यायालय देऊ शकतं.

इंग्लंडमध्ये पद्धत निराळी आहे. तिथल्या शिक्षा परिषदेची लैंगिक गुन्ह्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं १ एप्रिल २०१४ पासून लागू आहेत. न्यायाधीश आधी हानीची पातळी ठरवतात, मग दोषाची, आणि त्या दोन्हींच्या छेदावर एक आरंभबिंदू मिळतो. तिथून वर किंवा खाली सरकायचं ते कारणं नोंदवून. गुन्हा पहिल्याच संधीला कबूल केला तर एक तृतीयांशापर्यंत सूट. या तक्त्यात स्त्रीसाठी वेगळा रकाना नाही.

"बाई आहे, लहान मुलं आहेत" हे कारण चालतं का?

थोडंसं, आणि ठरावीक ठिकाणीच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले चालवण्याच्या कायद्याच्या) कलम ४०१ मध्ये स्त्रीसाठी खरोखरच वेगळी सवलत आहे. आधीची दोषसिद्धी नसलेल्या स्त्रीला, मृत्युदंड किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं. २१ वर्षांवरच्या पुरुषाला हीच सवलत फक्त ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत मिळते. पण मोठ्या लैंगिक गुन्ह्यांत जन्मठेपेची तरतूद असतेच, आणि पोक्सोत किमान शिक्षा बांधलेली असते, त्यामुळे ही वाट तिथे जवळपास बंद होते.

हिमाचल प्रदेशातल्या एका प्रकरणात उच्च न्यायालयानं दोषी स्त्रीची कैद रद्द करून फक्त दंड ठेवला होता. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये कैद पुन्हा लागू केली. गुन्हा लैंगिक नव्हता, गुंगीचं औषध देऊन लुटण्याचा होता, पण तत्त्व इथेही लागू पडतं: इतर आरोपींच्या बरोबरीनं कटात सामील झालेल्या स्त्रीला केवळ ती स्त्री आहे, आई आहे, म्हणून सवलत मिळू नये.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या बँकॉक नियमांत गर्भवती आणि लहान मुलं असलेल्या स्त्रियांना शक्य तिथे तुरुंगाबाहेरची शिक्षा द्यावी, असं सुचवलं आहे. त्याच नियमात गंभीर किंवा हिंसक गुन्ह्याचा आणि पुढच्या धोक्याचा अपवादही आहे, आणि मुलाच्या हिताचा विचार करायला सांगितलं आहे. जिनं मुलाचंच शोषण केलं तिच्या बाबतीत "मुलांना आई हवी" हा मुद्दा उलटाच पडू शकतो. बाकी, गर्भवती स्त्रीला मृत्युदंड झाला असेल तर उच्च न्यायालयाला तो जन्मठेपेत बदलावाच लागतो, आणि भारतात ६ वर्षांपर्यंतचं मूल तुरुंगात आईजवळ राहू शकतं.

पण स्त्रियांना खरोखर कमी शिक्षा होते का?

सर्व गुन्हे धरले तर, अमेरिकेतल्या संघीय न्यायालयांपुरतं उत्तर "हो" असं आहे. सोंजा स्टार यांच्या २०१२ च्या अभ्यासात तशाच गुन्ह्यासाठी अटक झालेल्या आणि तशीच पार्श्वभूमी असलेल्या पुरुषांना स्त्रियांपेक्षा सरासरी ६३ टक्के जास्त शिक्षा होत असल्याचं दिसलं. मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. फरकाचा मोठा भाग शिक्षेच्या दिवशी पडत नव्हता; आरोप कोणते ठेवायचे, तडजोडीत कोणते सोडायचे, कोणत्या बाबी मान्य धरायच्या, या आधीच्या टप्प्यांवर तो साचत होता.

लैंगिक गुन्ह्यांत गणित आणखी गुंतागुंतीचं होतं, कारण न्यायालयापर्यंत पोहोचणाऱ्या स्त्रियाच थोड्या. १२ देशांतली आकडेवारी एकत्र करणाऱ्या २०१७ च्या अभ्यासात, पोलिसांच्या नोंदींनुसार लैंगिक गुन्हेगारांत स्त्रिया सुमारे २ टक्के होत्या; पीडितांना थेट विचारलं तेव्हा प्रमाण सुमारे १२ टक्के निघालं. मधले १० टक्के कुठे गेले? आई, मावशी, सांभाळणारी ताई असं करेल यावर कोणाचा विश्वास बसत नाही, आणि मोठा मुलगा असेल तर त्याच्याकडे "नशीबवान" म्हणून पाहिलं जातं.

उलट दिशेनंही होतं. कायद्याबरोबर आईपणाचा संकेतही मोडला, या रागातून स्त्रीला जास्त कठोर वागणूक मिळते, असं अनेक अभ्यासक मांडतात. वृत्तपत्रांचे मथळे पाहिले तर ते खोटं वाटत नाही.

शिक्षिका आणि विद्यार्थी यांच्या प्रकरणांत एवढा फरक का दिसतो?

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात मेरी के लेटर्नो या शिक्षिकेनं आपल्या विद्यार्थ्यावरच्या बलात्काराचा गुन्हा कबूल केला. मुलगा त्या वेळी १२-१३ वर्षांचा होता. साडेसात वर्षांची शिक्षा स्थगित ठेवून तिला काही महिन्यांची कैद आणि उपचारांची अट मिळाली. सुटल्यावर ती पुन्हा त्याच मुलाला भेटताना सापडली आणि १९९८ मध्ये पूर्ण शिक्षा भोगायला परत गेली. २००५ मध्ये फ्लोरिडातल्या एका शिक्षिकेला ३ वर्षं घरातच नजरकैद आणि त्यानंतर ७ वर्षं देखरेख, एवढीच शिक्षा झाली. तिच्या वकिलानं, इतकी देखणी बाई तुरुंगात सुरक्षित राहणार नाही, असा मुद्दा जाहीरपणे मांडला होता. लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. मुलाला प्रसिद्धीच्या झोतात साक्ष द्यायला उभं करायची त्याच्या कुटुंबाची तयारी नव्हती, हे कारण मात्र मागे पडलं. सौम्य तडजोडींमागे हे कारण फार वेळा असतं.

२०२४ मध्ये मँचेस्टरला दोन विद्यार्थ्यांशी लैंगिक संबंध ठेवणाऱ्या शिक्षिकेला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. तिच्यावर पहिल्या प्रकरणात जामिनावर असताना दुसऱ्या मुलाशी संबंध ठेवल्याचाही ठपका होता. जामिनाची अट मोडणं आणि विश्वासाच्या जागेचा गैरवापर, दोन्ही शिक्षा वाढवणारी कारणं.

"मुलगाच तयार होता" हा बचाव ठरावीक वयाखाली कायद्यात बसतच नाही. भारतात ते वय १८ आहे.

तिनं एखाद्या पुरुषाच्या दबावाखाली केलं असेल तर?

शिक्षा कमी करण्यासाठी सर्वांत जास्त वेळा मांडला जाणारा मुद्दा हाच, आणि कित्येकदा तो खराही असतो. मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या धाकानं सामील झालेल्या स्त्रीचा दोष कमी धरायला हवा. पण न्यायालय शब्दावर जात नाही. वैद्यकीय नोंदी, जुने संदेश, सुटकेची संधी असूनही ती थांबली का, हे पाहतं.

यात घाई केली तर काय होतं ते कॅनडानं पाहिलं. १९९३ मध्ये मुलींच्या हत्यांच्या प्रकरणात कार्ला होमोल्का हिला नवऱ्याविरुद्ध साक्षीच्या बदल्यात सदोष मनुष्यवधासाठी १२ वर्षांची शिक्षा देण्याचा करार झाला. आपण त्याच्या अत्याचाराची बळी होतो, असं तिचं म्हणणं होतं. नंतर चित्रफिती हाती लागल्या आणि मुलींवरच्या लैंगिक अत्याचारांत तिचा सहभाग सांगितल्यापेक्षा खूप जास्त असल्याचं दिसलं. करार मोडता आला नाही. नवऱ्याला जन्मठेप झाली, ती २००५ मध्ये बाहेर आली.

इंग्लंडमधल्या २००९ च्या प्लिमथ पाळणाघर प्रकरणात तिथल्या कर्मचारी स्त्रीनं बालकांवर अत्याचार करून छायाचित्रं इंटरनेटवर ओळख झालेल्या पुरुषाला पाठवली होती. तिला अनिश्चित मुदतीची, किमान ७ वर्षांची शिक्षा झाली. समोरासमोर कधी न भेटलेल्या माणसाच्या धाकाचा मुद्दा तिथे फार पुढे जाऊ शकत नव्हता.

आणि गिलेन मॅक्सवेल. अमेरिकी धनाढ्य जेफ्री एपस्टाइनसाठी अल्पवयीन मुली जाळ्यात ओढल्याबद्दल तिला २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयानं २० वर्षं कैद आणि साडेसात लाख डॉलर दंड सुनावला. सरकारी पक्षानं किमान ३० वर्षं मागितली होती. बचाव पक्षानं साधारण ५ च्या आसपास. एपस्टाइन २०१९ मध्ये कोठडीतच मेला, त्यामुळे त्याच्या वाटची शिक्षा हिला दिली जात आहे, हा बचावाचा सूर होता. न्यायाधीश ॲलिसन नेथन यांनी तिला तिच्या स्वतःच्या कृत्यांसाठीच शिक्षा होत असल्याचं सांगितलं.

युद्धातल्या लैंगिक अत्याचारांसाठी एखाद्या स्त्रीला शिक्षा झाली आहे का?

हो. रवांडाच्या माजी कुटुंब आणि महिला कल्याण मंत्री पॉलिन न्यिरामासुहुको यांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं २०११ मध्ये वंशसंहार आणि बलात्कार या गुन्ह्यांत दोषी ठरवून जन्मठेप दिली. त्यांनी स्वतः बलात्कार केला, असा आरोप नव्हता. हाताखालच्यांनी केलेल्या बलात्कारांची जबाबदारी त्यांच्यावर आली. २०१५ मध्ये अपिलात शिक्षा ४७ वर्षांवर आली. खटला वाजवीपेक्षा फार लांबला, हे त्यामागचं एक कारण.

पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता शिक्षेत धरतात का?

धरतात, पण स्त्रियांसाठी मोजमाप कच्चं आहे. स्टॅटिक-९९ सारखी धोका मोजण्याची साधनं प्रौढ पुरुषांच्या आकडेवारीवर बेतलेली आहेत. ती स्त्रीला लावली तर धोका प्रत्यक्षापेक्षा फुगून दिसतो. सुमारे अडीच हजार दोषी स्त्रियांच्या माहितीवरच्या २०१० च्या विश्लेषणात पुन्हा लैंगिक गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण ३ टक्क्यांहून कमी आढळलं. चांगला बचाव वकील हा मुद्दा मांडतो. किमान शिक्षा बांधलेली असेल तिथे त्याचा उपयोग नाही.

पीडित प्रौढ पुरुष असेल तर?

भारतात उत्तर निराशाजनक आहे. बलात्काराचं कलम लागत नाही, लैंगिक छळाच्या कलमात आरोपी पुरुषच आहे, आणि नव्या संहितेत दंड संहितेच्या जुन्या कलम ३७७ सारखं ("अनैसर्गिक" संभोगाचं) काही ठेवलेलंच नाही. उरतात मारहाण, बेकायदा डांबून ठेवणं, धमकी, खंडणी. शिक्षाही त्याच मापाची. उलट नव्या संहितेनं दोन कलमं रुंद केली: स्त्रीला विवस्त्र करण्यासाठी बळ वापरणं आणि स्त्रीचं खासगी क्षणी चोरून चित्रीकरण करणं, यांत आता आरोपी स्त्रीही असू शकते. वसतिगृहातल्या मैत्रिणीचं चित्रीकरण करणाऱ्या मुलीला पहिल्या गुन्ह्यासाठीच १ ते ३ वर्षं कैद होऊ शकते.

सुटल्यानंतर नाव लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत राहतं का?

राहतं. इंग्लंडमध्ये ३० महिने किंवा जास्त शिक्षा झालेल्या व्यक्तीला बेमुदत काळ पोलिसांकडे नोंद ठेवावी लागते. भारताची २०१८ मध्ये सुरू झालेली नोंदवही फक्त तपास यंत्रणांना पाहता येते, शेजाऱ्यांना नाही.

शिक्षा फारच कमी वाटली, तर पीडित काय करू शकतो?

इंग्लंडमध्ये ठरावीक गंभीर गुन्ह्यांत २८ दिवसांच्या आत कोणीही ॲटर्नी जनरलकडे शिक्षेच्या फेरविचाराची मागणी करू शकतं. भारतात शिक्षा वाढवण्यासाठी अपील करण्याचा अधिकार सरकारचा आहे. पीडिताला केवळ "शिक्षा कमी आहे" म्हणून अपील करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. आरोपी निर्दोष सुटला, भरपाई अपुरी मिळाली, किंवा मोठ्या गुन्ह्याऐवजी लहान गुन्ह्यात दोषी ठरवलं, या तीन कारणांसाठी मात्र पीडित स्वतः वरच्या न्यायालयात जाऊ शकतो. म्हणून निकालाची प्रत हातात आली की शिक्षेच्या पानाआधी दोषसिद्धी कोणत्या कलमाखाली झाली आहे ते पाहा, आणि ते आरोपपत्रातल्या कलमाशी ताडून पाहा.